दहा कशाचे? एका सुविधा-शोध टूलच्या डॉक्युमेंटेशनचं प्रकरण

टेस्टिंगच्या दुसऱ्याच दिवशी हेल्पडेस्कवरच्या आमच्या मैत्रिणीने एजंटला, म्हणजे भाषा-मॉडेलवर चालणाऱ्या एआय सहायकाला, विचारलं, ‘आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. आम्ही घर बदलतोय. नव्या घरापासून १० किलोमीटरच्या आत डायलिसिस केंद्र आहे का?’ सोबत घराचे अक्षांश-रेखांशही दिले. एजंटने आमचं आरोग्य सुविधा शोधणारं टूल वापरलं आणि सांगितलं, ‘दिलेल्या ठिकाणापासून १० किलोमीटरच्या परिसरात एकही डायलिसिस केंद्र नोंदलेलं नाही. परिसर वाढवून पुन्हा शोधू का?’

उत्तर नम्र होतं, भाषा स्वच्छ होती आणि माहिती धादांत चुकीची होती. त्या परिसरात दोन केंद्रं आहेत. घर बदलण्याची गोष्ट तिने रचलेली होती, निर्देशांक तिच्या राहत्या घराचे होते आणि दोनपैकी एका केंद्रात तिची आई खरोखरच जाते. प्रश्न तिने मुद्दाम तोच निवडला होता. हेमोडायलिसिस म्हणजे साधारणपणे आठवड्यातून तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी चारेक तास मशीनवर. अशा घरात ‘जवळ केंद्र नाही’ या वाक्यावर माणसं घराचा करार मोडतात.

आम्ही लॉग, म्हणजे टूलकडे काय गेलं आणि काय आलं याची नोंद, उघडला. (पॅरामीटरची, म्हणजे विनंतीतल्या रकान्यांची, नावं मुळात रोमन लिपीत आहेत, इथे देवनागरीत लिहिते.) एजंटने पाठवलेल्या विनंतीत सुविधेचा प्रकार बरोबर होता, निर्देशांक बरोबर होते आणि त्याखाली ‘रेडिअस: १०’ असं होतं. टूल त्रिज्या मीटरमध्ये घेतं. म्हणजे टूलने तिच्या घराभोवती दहा मीटरच्या वर्तुळात डायलिसिस केंद्र शोधलं, जेमतेम दारापासून जिन्यापर्यंत. तिथे ते सापडलं नाही हे टूलचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. रिकामी यादी आली, सोबत २०० हा ‘सगळं ठीक’ सांगणारा स्टेटस कोड आला आणि एजंटने त्याचा सरळ अर्थ लावला.

मग टूलच्या वर्णनात रेडिअसबद्दल काय लिहिलं होतं ते पाहिलं. एवढंच होतं: ‘रेडिअस: शोधाची त्रिज्या.’ फाइलचा इतिहास काढला तर ते वाक्य मीच लिहिलेलं निघालं. काही वर्षांपूर्वी, एका दुपारी, तीसेक पॅरामीटरची वर्णनं एका दमात उरकताना.

टूल कोणासाठी बनलं होतं

हे टूल म्हणजे आरोग्य सुविधांच्या एका नोंदवहीवर चालणारा शोध. रुग्णालयं, तपासणी केंद्रं, डायलिसिस केंद्रं, फिजिओथेरपी वगैरे. ते मुळात एका नकाशाच्या पानासाठी बनवलं होतं. त्या पानावर माणसाला ‘५ किमी, १० किमी, २५ किमी’ असा ड्रॉपडाउन दिसे आणि पानाचा कोड त्या आकड्याला हजाराने गुणून टूलकडे पाठवे. मीटरची गोष्ट त्या गुणाकारात राहत होती, दुसरीकडे कुठेही लिहिलेली नव्हती. तशी गरजही कधी पडली नाही, कारण ज्याला शंका आली तो बाजूच्या टेबलावर जाऊन विचारत असे.

एजंटला बाजूचं टेबल नसतं. आम्ही टूल मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमधून जोडलं होतं. एआय आणि बाहेरची टूल्स जोडण्यासाठी अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला हा प्रोटोकॉल. त्यात एजंट चालवणारी प्रणाली सर्व्हरला ‘तुझ्याकडे कोणती टूल्स आहेत’ असं विचारते आणि सर्व्हर प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा, म्हणजे कोणते पॅरामीटर कोणत्या स्वरूपात द्यायचे याचा आराखडा, देतो. एजंटचं टूलबद्दलचं ज्ञान तेवढंच. सोर्स कोड त्याला दिसत नाही, टीमचं विकीपान दिसत नाही, ‘आधी एकदा असंच झालं होतं’ हे कळत नाही. आमचा स्कीमा टूलच्या विनंत्यांचं वर्णन करणाऱ्या जुन्या ओपनएपीआय फाइलमधून आपोआप तयार झाला होता, त्यामुळे माझं ते तीन शब्दांचं वाक्य जसंच्या तसं एजंटपर्यंत पोहोचलं. आणि वापरणाऱ्याने ‘१० किलोमीटर’ म्हटल्यावर १० हा आकडा घालणं, यात मला तरी एजंटचा फारसा दोष दिसत नाही. नवा रुजू झालेला माणूसही तेच करेल. फरक इतकाच की तो रिकामी यादी पाहून भुवया उंचावेल.

बॅकएंडच्या, म्हणजे टूलचा आतला कोड सांभाळणाऱ्या, सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की ही निव्वळ डॉक्युमेंटेशनची चूक आहे, कोड बरोबर चालतोय. मी म्हटलं, ‘अरे, दहा मीटरच्या आत रुग्णालय शोधणारा माणूस तू कधी पाहिलायस का? मग कोड ते मुकाट्याने का शोधतो?’ या वादात दोघंही बरोबर होतो आणि पुढचं सगळं काम या वादातूनच निघालं.

मुक्या चुका

एक चूक सापडल्यावर बाकीच्या शोधण्याचा नाद लागला. मी आणि हेल्पडेस्कची मैत्रीण दोन दिवस बसलो आणि लोक फोनवर विचारतात तसे प्रश्न लिहून काढले. ‘संध्याकाळी सातनंतर रक्त तपासायला कुठे जाऊ’, ‘बाबांना व्हीलचेअर लागते, जिना नसलेली फिजिओथेरपी सांगा’, असे. मग प्रत्येक प्रश्न एजंटला घातला आणि उत्तराऐवजी आधी टूलकडे काय गेलं ते वाचलं.

रक्ततपासणीच्या प्रश्नात उलटाच प्रकार झाला. टूलच्या आतले प्रकारांचे कोड जुन्या पद्धतीचे होते आणि तपासणी केंद्रांचा कोड पॅथॉलॉजीच्या नावावरून पडला होता. स्कीमात मात्र प्रकाराबद्दल फक्त ‘मजकूर’ असं लिहिलेलं, मान्य मूल्यांची यादी नाही. एजंटने ‘ब्लड टेस्ट’ असा स्वतःचा कोड रचून पाठवला. अनोळखी कोड आला की टूल तो फिल्टर गुपचूप सोडून देत असे. परिणामी परिसरातल्या सगळ्या सुविधा परत आल्या आणि रक्त तपासायला एजंटने डोळ्यांचा दवाखाना सुचवला. रेडिअसच्या चुकीत काहीच आलं नव्हतं, इथे सगळंच आलं. एरर दोन्हीकडे नव्हती.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते क्रमाने. एजंट दर वेळी यादीतलं पहिलं केंद्र ‘सर्वात जवळचं’ म्हणून सांगत होता आणि बऱ्याचदा ते नसायचंच. टूल निकाल नावाच्या अकारविल्हे देत होतं. नकाशाच्या पानाला क्रमाशी देणंघेणं नव्हतं, टाचण्या नकाशावर कुठेही आधी लावल्या तरी चालतात. शिवाय डिफॉल्ट मर्यादा २० निकालांची. म्हणजे दाट वस्तीत वर्णमालेत उशिरा येणारं केंद्र अगदी शेजारी असलं तरी यादीत येतच नसे. ही गोष्ट टूल वापरात आल्यापासून तशीच होती आणि कोणाच्याही लक्षात आली नव्हती, कारण माणूस नकाशावर डोळ्यांनी अंतर मोजतो. यादीला अर्थ चिकटवणारा वाचक या टूलला पहिल्यांदाच भेटला होता.

‘आत्ता उघडं’ या फिल्टरची कथा छोटी आहे: ज्या सुविधांच्या वेळा नोंदलेल्याच नाहीत त्यांना टूल बंद समजत होतं. हो, नाही आणि माहीत नाही अशा तीन उत्तरांच्या जागी दोनच ठेवली की तिसरं उत्तर कुठेतरी खोटं बनून बाहेर पडतं.

निर्देशांकांचं प्रकरण जरा खोल आहे. टूल ‘लोकेशन’ नावाखाली स्वल्पविरामाने जोडलेले दोन आकडे घेत असे. आधी कोणता? बोलताना आपण अक्षांश-रेखांश म्हणतो. पण जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या प्रचलित मांडणीत, आरएफसी ७९४६ या २०१६ च्या इंटरनेट-मानकानुसार, रेखांश आधी येतो. दोन्ही पद्धती पाहिलेला एजंट कधी हा क्रम, कधी तो क्रम वापरत होता. अक्षांश ९० च्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून काही अदलाबदली आपोआप पकडल्या जातात. दोन्ही आकडे ९० च्या आत असले की मात्र बिंदू वैध ठरतो, फक्त तो भलत्याच अक्षांशावर, कदाचित समुद्रात असतो. पुन्हा रिकामी यादी, पुन्हा ‘नोंदलेलं नाही’.

पहिला मसुदा फसला

हे सगळं समोर आल्यावर मी जे केलं ते कोणताही लेखक करतो. सगळं लिहून काढलं. एकक, क्रम, कोड, डिफॉल्ट, अपवाद, अपवादांचे अपवाद. टूलचं वर्णन दोन छापील पानांइतकं झालं. वाचायला छान होतं, मी खूशही होते.

रेडिअस सुधारला. पण जिना नसलेल्या फिजिओथेरपीच्या प्रश्नाला आता एजंट व्हीलचेअरचा फिल्टर लावेचना, जो तो आधी बरोबर लावत होता. त्याचं वर्णन माझ्या मजकुरात मध्यावर, ‘आत्ता उघडं’च्या लांबलचक स्पष्टीकरणाखाली दबून गेलं होतं. ते वर आणलं तर फिल्टर परत आला. शिवाय हे वर्णन प्रत्येक संभाषणात, टूल वापरलं जावो वा न जावो, एजंटच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याच्यासमोरच्या मजकुरात, बसतं आणि टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) खातं. माणूस मॅन्युअल गरजेपुरतं चाळतो. एजंटच्या डोक्यात ते अख्खं ओतलेलं असतं, म्हणून तिथे प्रत्येक ओळ दुसऱ्या ओळीची जागा मारते.

तेव्हा कुठे मला कळलं की मी सगळं एकाच जागी लिहीत होते. एजंट आपलं लिखाण तीन वेळा वाचतो: टूल निवडताना त्याचं वर्णन, चुकल्यावर एरर आणि झाल्यावर रिस्पॉन्स, म्हणजे टूलचं उत्तर. एरर आणि रिस्पॉन्स या जागांना मी आजवर डॉक्युमेंटेशन मानलंच नव्हतं. तो मजकूर डेव्हलपर जाता जाता लिहितात.

बॅकएंडच्या सहकाऱ्याशी बसून वाटणी केली. जे स्कीमात सांगता येतं ते वाक्यात लिहायचं नाही. प्रकारांच्या कोडची बंद यादी स्कीमात गेली, प्रत्येक कोडपुढे लोक वापरतात ते शब्द आले आणि माझा एक परिच्छेद गळला. ‘लोकेशन’ फोडून अक्षांश आणि रेखांश असे दोन वेगळे पॅरामीटर केले, आणखी एक परिच्छेद गेला. रेडिअसचं नाव बदलायला तो तयार नव्हता, नकाशाचं पान मोडलं असतं. म्हणून एजंटसाठीच्या मधल्या थरात ‘रेडिअस_किमी’ असं नवं नाव ठेवलं आणि हजाराचा गुणाकार तिथे हलवला. एकक नावातच आलं की ते विसरायला जागा उरत नाही. डिफॉल्ट क्रम अंतरानुसार केला. तो बदल खरं तर नकाशाच्या पानालाही हवा होता, पण ती वेगळी लढाई आहे.

वर्णनात शेवटी जे उरलं ते असं:

‘नोंदवहीतील आरोग्य सुविधा एका बिंदूभोवती शोधतं. निकाल अंतरानुसार, जवळचा आधी. अंतर सरळ रेषेतलं आहे, त्यावरून प्रवासाचा वेळ काढू नये. नोंदवही अपुरी असू शकते: शून्य निकालाचा अर्थ सुविधा नाही असा होत नाही. खाटा, रिकाम्या वेळा किंवा दर हे टूल सांगू शकत नाही. निर्देशांक वापरणाऱ्याने दिलेले किंवा पत्ता-शोध टूलमधून आलेले असावेत. जीवावरच्या प्रसंगी हे टूल न वापरता आपत्कालीन सेवेला फोन करायला सांगावं.’

प्रवासाच्या वेळेचं वाक्य का आलं, तर एजंट चार किलोमीटरचे ‘दहा मिनिटं’ करून सांगत होता. टूल अंतर हॅवरसाइन सूत्राने काढतं, पृथ्वी ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरून. मध्ये नदी आहे आणि पूल लांब आहे हे त्या सूत्राला माहीत असण्याचं कारण नाही. आपत्कालीन सेवेच्या वाक्यावर आमचा वाद झाला. बॅकएंडचा सहकारी म्हणाला, हे टूलचं काम नाही, एजंटच्या मूळ सूचनांमध्ये ते असायला हवं. तत्त्वतः त्याचं बरोबर आहे. पण टूल उद्या कोणाच्या एजंटला जोडलं जाईल आणि त्याच्या मूळ सूचना कोण लिहील हे आमच्या हातात नाही, म्हणून मी ते वाक्य काढू दिलं नाही.

न सांगितलेला पत्ता

निर्देशांकांबद्दलचं वाक्य सर्वात उशिरा आलं आणि त्यामागची चूक मला आजही सर्वात धोक्याची वाटते. एका प्रश्नात पत्ता दिलाच नव्हता, फक्त एका गावाचं नाव होतं. एजंटने काही न विचारता निर्देशांक घालून शोध केला. आकडे साधारण बरोबरही होते. संशय आला तो दशांशांमुळे. इतर विनंत्यांमध्ये चार-पाच दशांश स्थळं असत, इथे दोनच. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून दुसरं दशांश स्थळ म्हणजे एक किलोमीटरच्या थोडं वर. हे निर्देशांक मोजलेले नव्हते, आठवलेले होते. गावाचा मध्य मॉडेलला प्रशिक्षणातून ठाऊक होता आणि त्याने तो माणसाचा पत्ता म्हणून वापरला. वर ‘तुमच्यापासून २.३ किलोमीटर’ असं एका दशांशापर्यंत अचूक अंतरही सांगितलं. कोणापासून?

वर्णनातल्या वाक्याने हे कमी झालं, थांबलं नाही. थांबलं ते रिस्पॉन्समध्ये भर घातल्यावर. आता टूल प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर आपण काय समजलो ते लिहून पाठवतं: कोणत्या बिंदूभोवती, किती किलोमीटर, कोणता प्रकार, कोणते फिल्टर लागले आणि त्या बिंदूचं नोंदवहीतलं सर्वात जवळचं ठिकाणनाव काय. निर्देशांक दोन किंवा कमी दशांशांचे असतील तर एक ओळ जास्त येते, ‘बिंदू ढोबळ आहे, नेमका पत्ता विचारावा.’ ती ओळ समोर आली की एजंट बहुधा थांबतो आणि विचारतो. वर्णनात तेच वाक्य शंभर ओळी आधी वाचलेलं असतं. इथे ते नेमकं चूक होताना हाताशी येतं.

शून्य निकालाचा मजकूर मी सात वेळा लिहिला. शेवटचा असा: ‘१० किमी त्रिज्येत या प्रकारची नोंद सापडली नाही. सर्वात जवळची नोंद १४.२ किमीवर आहे. नोंदवहीत नसलेली सुविधा प्रत्यक्षात असू शकते.’ सर्वात जवळची नोंद सांगायची म्हणजे टूलला एक जादा शोध करावा लागतो. बॅकएंडचा सहकारी त्यावर कुरकुरला, मग स्वतःच म्हणाला की समुद्रातल्या बिंदूसाठी इथे हजारो किलोमीटर येतील आणि अदलाबदल लगेच दिसेल. ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

एररचं त्याने मनापासून केलं. पूर्वी ‘अवैध इनपुट’ एवढंच येई. आता चुकीचा कोड आला की टूल फिल्टर सोडत नाही, नकार देतं आणि लिहितं: ‘ब्लड टेस्ट हा प्रकार नाही. जवळचे मान्य प्रकार हे.’ प्रोटोकॉलमध्ये अशी चूक टूलच्या निकालातच, चूक असल्याची खूण लावून परत करायची सोय आहे. तसं केलं की मॉडेलला ती वाचता येते आणि ते स्वतः सुधारून पुन्हा विचारतं. प्रोटोकॉलच्या पातळीवरची एरर फेकली तर ती मॉडेलपर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते. आमची पहिली आवृत्ती तसंच फेकत होती आणि एजंट ‘तांत्रिक अडचण आली, नंतर प्रयत्न करा’ असं सांगून मोकळा होत होता.

पुन्हा तोच प्रश्न

तीन आठवड्यांनी मैत्रिणीने तोच प्रश्न शब्दही न बदलता घातला. एजंटने सांगितलं: ‘नोंदवहीनुसार १० किलोमीटरच्या आत दोन डायलिसिस केंद्रं आहेत, सरळ रेषेत ३.१ आणि ७.८ किलोमीटरवर. पहिल्याची नोंद अलीकडे पडताळलेली आहे, दुसऱ्याची पडताळणी जुनी आहे. आठवड्यातून तीन वेळांसाठी जागा आहे का ते या नोंदीत नसतं, दोन्हीकडे फोन करून विचारा.’ पडताळणीची तारीख नोंदवहीत आधीपासून होती, रिस्पॉन्समध्ये कोणी पाठवत नव्हतं एवढंच.

मी खूश होऊन तिच्याकडे पाहिलं. ती दुसऱ्या केंद्राचा नंबर फिरवत होती.

‘अगं, हा नंबर अस्तित्वातच नाही म्हणे,’ ती म्हणाली आणि नोंदवहीच्या टीमसाठी टिकेट लिहायला लागली.